तालुक्याच्या कोर्टातून निकालाची नक्कल कशी मिळवायची?

घटस्फोटाचा निकाल लागून दहा वर्षं झाली आहेत. तेव्हाचे वकील आता प्रॅक्टिस करत नाहीत. घरातली झेरॉक्स इतकी पुसट झालीये की तारीखसुद्धा वाचता येत नाही. आणि आज पेन्शन ऑफिस, बँक किंवा विवाह नोंदणी कार्यालय म्हणतंय, "कोर्टाची सही-शिक्क्याची प्रत आणा."

शहरात असाल तर निदान कौटुंबिक न्यायालयाची इमारत कुठे आहे हे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. पण केस आडवळणाच्या तालुक्यात चालली असेल तर? तिथे 'फॅमिली कोर्ट' नावाची पाटीच नसते. मग काहीजण तहसील कचेरीत जाऊन विचारतात, कारण सातबारा तिथूनच मिळालेला असतो. काहीजण एजंटला पैसे देतात. आणि बरेचजण "जुनी फाइल आहे, आता कुठे मिळणार" म्हणून विषय सोडून देतात.

विषय सोडू नका. फाइल बहुतेक वेळा जागेवरच असते, आपण चुकीच्या दारात उभे असतो. योग्य दार, केसचा नंबर आणि कागदाचं नेमकं नाव या तीन गोष्टी हातात असल्या की उरलेलं काम एका अर्जाचं आहे. आजच्या भागात हे टप्प्याटप्प्याने पाहू या.

आधी ठरवा: नेमका कोणता कागद हवा आहे?

"केसचे कागद द्या" असं म्हटलं की खिडकीवरचा कर्मचारी हमखास विचारतो, "कोणते?" एका फाइलमध्ये बरंच काही असतं. याचिका म्हणजे केस दाखल करताना दिलेला मूळ अर्ज. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसह लिहिलेला निर्णय. हुकूमनामा म्हणजे त्या निर्णयाचा औपचारिक सारांश, ज्याला आपण 'डिक्री' म्हणतो. शिवाय अंतरिम आदेश, तडजोडीचा मसुदा, साक्षी आणि पुरावे असतात ते वेगळेच.

दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी साधारणपणे निकालपत्र आणि हुकूमनामा लागतो. पोटगीच्या वसुलीसाठी पोटगीचा आदेश. मुलाचा ताबा कुणाकडे आहे हे शाळेला दाखवायचं असेल तर ताब्याचा आदेश.

एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार, इतर अटी पूर्ण होत असतील तर, घटस्फोटित मुलीला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. घटस्फोट आई-वडिलांच्या हयातीत झालेला असेल तर प्रश्नच नाही. पण निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला असेल, तरी याचिका ते हयात असताना दाखल झाली होती हे दाखवता आलं तर हक्क टिकतो. अशा वेळी नुसता निकाल पुरत नाही. याचिकेची, दाखल झाल्याची तारीख दिसणारी नक्कल हवी. म्हणूनच जिथे कागद द्यायचा आहे तिथे आधी विचारा आणि जमल्यास लिहून घ्या.

फाइल कोणत्या कोर्टात असेल?

सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच पडतात. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्यानुसार दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरासाठी कौटुंबिक न्यायालय स्थापन करणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे. इतर भागांसाठी सरकार ते करू शकतं, पण करायलाच हवं असं नाही. त्यामुळे ग्रामीण भागात कौटुंबिक वाद नेहमीच्या कोर्टांतच चालतात आणि एकाच घरातल्या तीन केसेस तीन ठिकाणी असू शकतात.

* घटस्फोट, विवाह रद्द ठरवणे, नांदायला येण्याची याचिका: जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालय किंवा सरकारने अधिकार दिलेलं दिवाणी कोर्ट. महाराष्ट्रात हे काम दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं. हे कोर्ट प्रत्येक तालुक्यात नसतं, त्यामुळे फाइल शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकते.
* पोटगी: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे हे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतात.
* कौटुंबिक हिंसाचार (२००५ चा कायदा): हेही प्रामुख्याने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात.
* मुलांचं पालकत्व (१८९० चा पालक आणि पाल्य कायदा): जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत.

आता गाव कोणतं? समजा, तुमच्या मावशीचं माहेर इंदूरचं, सासर वाशिम जिल्ह्यातलं आणि लग्न लागलं अकोल्याला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार याचिका लग्न लागलं तिथे, समोरचा पक्ष राहतो तिथे किंवा दोघं शेवटचं एकत्र राहिले तिथे दाखल करता येते. २००३ पासून पत्नी स्वतः राहते तिथेही तिला याचिका दाखल करता येते. म्हणजे शोधायला मुख्यतः ही चारच ठिकाणं आहेत. एका कागदावर लिहून काढा, डोक्यातला गोंधळ लगेच कमी होतो.

जुनी केस असेल तर जिल्ह्यांची फाळणीही लक्षात घ्या. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होता, वाशिम १९९८ पर्यंत अकोल्यात, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. त्याआधीच्या केसची चौकशी मूळ जिल्ह्यातही करून पाहा. तसंच, मधल्या काळात जिल्ह्यात नवं कौटुंबिक न्यायालय आलं असेल तर तेव्हा चालू असलेल्या केसेस तिकडे वर्ग होतात आणि नंबरही बदलतो. आधीच निकाल लागलेल्या केसेसची चौकशी मात्र जुन्या कोर्टातच सुरू करा.

केस नंबर आठवत नसेल तर?

घाबरू नका. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ही सरकारी वेबसाइट आणि तिचं मोबाइल अॅप आहे. तिथे राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतं. केस सापडली की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो. हा देशभरात त्या एकाच केसचा असतो. तो वहीत लिहून ठेवा.

शोधताना तीन गोष्टी करा. 'निकाली' केसेसचा पर्याय निवडा, नाहीतर फक्त चालू केसेस दिसतील. नावाची वेगवेगळी इंग्रजी स्पेलिंग टाकून पाहा, कारण नोंद करणाऱ्याने 'देशमुख' कसं लिहिलं असेल याचा नेम नसतो. आणि स्त्रीचं नाव माहेरच्या व सासरच्या दोन्ही आडनावांनी शोधा.

वैवाहिक केसचं निकालपत्र ऑनलाइन उघडलं नाही तर केस नाही असा अर्थ काढू नका. अशा प्रकरणांत गोपनीयतेला महत्त्व असतं. संगणकीकरणाआधीच्या केसेसही तिथे न दिसण्याची शक्यता असते. अशा वेळी घरातच शोध घ्या: जुनं समन्स, वकिलांची पावती, वकीलपत्राची झेरॉक्स, पोटगीच्या मनीऑर्डरची पावती. यातल्या एखाद्यावर तरी नंबर असतो. तेही नसेल तर कोर्टाच्या नोंदवहीत नाव आणि वर्षावरून शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. वर्ष जितकं नेमकं सांगाल तितकं काम लवकर होईल.

आणि एक नाजूक गोष्ट. काही वेळा कोर्टात काहीच सापडत नाही, कारण कोर्टात काही झालेलंच नसतं. गावच्या चार माणसांसमोर शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर 'सोडचिठ्ठी' लिहिली आणि नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला असं नाही. काही समाजांतला रूढीने चालत आलेला घटस्फोट कायदा मान्य करतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. तुमच्या घरात असा कागद असेल तर नकलेच्या मागे धावण्याआधी वकिलांना दाखवा. दुसरं लग्न, वारसा, पेन्शन सगळं त्यावर अवलंबून असतं.

अर्ज कसा करायचा?

कोर्टात 'नकला विभाग' असतो. छोट्या कोर्टात तो म्हणजे एखादं टेबलही असू शकतं. मध्य प्रदेशात, गुजरातमध्येही 'नकल' हाच शब्द चालतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांना विचारायला अडचण येणार नाही. अर्जात हे लिहा:

१. कोर्टाचं पूर्ण नाव
२. केसचा प्रकार, नंबर आणि वर्ष (सीएनआर असेल तर तोही)
३. दोन्ही पक्षकारांची नावं
४. निकालाची तारीख
५. कोणत्या कागदाच्या किती प्रती हव्यात
६. तुमचं केसमधलं नातं: अर्जदार, जाबदार की तिसरी व्यक्ती
७. पत्ता, मोबाइल नंबर, सही आणि तारीख

अर्जावर कोर्ट फीचं तिकीट लावावं लागतं आणि पानांच्या हिशोबाने नकलेची फी भरावी लागते. दर प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते तिथेच विचारा. तातडीने हवी असेल तर तसा अर्ज करण्याची सोय असते, त्याची फी जास्त. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. पैसे भरल्याची पावती आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा लांबून येणार असाल तर आधी तपासा.

नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून पाहा. प्रत्येक पान आहे ना? शिक्का आणि सही आहे ना? नावांचं स्पेलिंग निकालाप्रमाणेच आहे ना? नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली या तारखा लिहिलेल्या असतात. त्या महत्त्वाच्या आहेत. अपील करायचं असेल तर नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवस आहे आणि कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस. म्हणून अपील करणाऱ्याने ३० दिवसांचाच हिशोब धरून वकील गाठावा, आणि दुसरं लग्न करणाऱ्याने ९० दिवस थांबून, अपील झालेलं नाही याची खात्री करूनच पुढे जावं.

या तीन प्रती मोफत मिळतात

हे वाचून झाल्यावर घरातल्या बायकांना नक्की सांगा.

* घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम २३(४) सांगतं.
* पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला विनामूल्य मिळते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४७).
* कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधल्या आदेशाची प्रत पक्षकारांना आणि संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य दिली जाते (कलम २४).

म्हणजे निकालाच्या वेळी मिळणारी पहिली प्रत हा तुमचा हक्क आहे. नंतरच्या जादा प्रतींना फी लागते. कुणी पहिल्याच प्रतीसाठी भलते पैसे मागितले तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

पोटगीच्या बाबतीत तर उशीर म्हणजे सरळ नुकसान. थकलेली रक्कम ज्या दिवशी देय झाली, त्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर या कलमाखाली तिच्यासाठी वसुलीचं वॉरंट निघत नाही. महिना चार हजारांची पोटगी असेल आणि "आदेशाची प्रतच नाही" म्हणून अर्ज दोन वर्षं राहून गेला, तर पहिल्या वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार या मार्गाने मिळणं अवघड होऊन बसतं. एका कागदाची ही किंमत आहे.

तुम्ही पक्षकार नसाल तर

आई-वडिलांच्या केसची नक्कल मुलाला हवी असते, किंवा दिवंगत बहिणीच्या केसची भावाला. तिसऱ्या व्यक्तीने अर्जासोबत कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. नुसत्या उत्सुकतेपोटी, किंवा स्थळाची 'चौकशी' म्हणून कुणाच्या घटस्फोटाची फाइल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार हे कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. मिळालेल्या नकलेचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी हे आठवा.

माहिती अधिकारात अर्ज टाकावा का, असं बरेचजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की न्यायालयीन कागदांच्या प्रती कोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, माहिती अधिकारात नाही. तो वेळ वाचवा.

"फाइल सापडत नाही" म्हणाले तर

तोंडी उत्तरावर परत फिरू नका. अर्जावर तसा लेखी शेरा मागा. मग विचारा: या केसमध्ये अपील झालं होतं का? अपील झालं की मूळ फाइल वरच्या कोर्टात मागवली जाते आणि कधीकधी तिथेच राहते. निकाली फाइल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेली आहे का, हेही विचारा. फार जुन्या केसमधले किरकोळ कागद ठरावीक काळाने नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र त्यांच्यापेक्षा खूप जास्त काळ जपले जातात. म्हणून पूर्ण फाइल नसली तरी या दोन कागदांसाठी स्वतंत्र अर्ज करा. एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे लेखी अर्ज करता येतो.

पैसे नाहीत, ओळख नाही?

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही आहे. हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा भाग आहे. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. नकलेच्या अर्जासाठीही तिथे मदत मागता येते. देशभरासाठी हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.

गावापासून लांब राहत असाल तर

आपले बरेच वाचक बडोदा, हैदराबाद, बंगळुरू किंवा दिल्लीला असतात आणि केस गावाकडे झालेली असते. घरातल्या कुणाला पाठवणार असाल तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र चालेल का, हे त्या कोर्टात आधी फोन करून विचारा. वकिलामार्फत अर्ज करणं हा सगळीकडे चालणारा मार्ग आहे.

महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांचं कामकाज मराठीतून चालतं, त्यामुळे निकाल मराठीत असू शकतो. बाहेरच्या राज्यातल्या कार्यालयाला त्याचं इंग्रजी किंवा तिथल्या भाषेतलं भाषांतर लागेल. कोणत्या प्रकारचं भाषांतर चालतं ते त्या कार्यालयात विचारा आणि भाषांतरासोबत मूळ सही-शिक्क्याची नक्कलही जोडा. बेळगावच्या वाचकांना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो, हातात कन्नड निकाल असतो आणि काम पुण्यात असतं. उपाय तोच.

आज एवढंच करा

घरात कुणाची केस संपली असेल तर आजच केसचा नंबर, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख आणि सीएनआर एका कागदावर लिहा आणि त्याचा फोटो घरातल्या दोन विश्वासू माणसांकडे ठेवा. केस अजून चालू असेल तर निकालाच्या दिवशीच मोफत प्रत मागा आणि सोबत दोन जादा प्रतींचा अर्ज देऊन या. एक प्रत कपाटात, एक माहेरी, एक कामासाठी. मूळ नक्कल कोणत्याही कार्यालयात ठेवून येऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

इथली माहिती सर्वसाधारण आहे. राज्याप्रमाणे नियम आणि फी बदलते, त्यामुळे तुमच्या केसबद्दलचा सल्ला वकिलांकडून किंवा विधी सेवा समितीकडूनच घ्या. पण तिथे जाताना हातात केसचा नंबर असू द्या. मग तुम्हाला टोलवणं कुणालाही सोपं जाणार नाही.